देव दिसत नाहीं, यांत दोष कोणाचा?

(चावडीपुढें भरलेल्या सभेंत एका खेड्यांतील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



मी शास्त्री नाहीं, पंडित नाहीं, कीर्तनकार तर नाहींच नाहीं. ट्रेनिंग कॉलेजांतून मराठी शाळेचा मास्तर होऊन बाहेर पडलों त्याला वीस वर्षांवर काळ लोटला. पाढे, बाराखडी आणि शुद्धलेखन यांपलीकडे माझा अधिकार नाहीं. तेव्हां देवासारख्या मोठ्या विषयावर हा मास्तर काय बोलणार, असें कोणाच्या मनांत आलें तर तें रास्तच आहे. पण हा विषय मीं निवडलेला नाहीं. माझ्या वर्गांतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीनें तो मला घालून दिला आहे.

गेल्या महिन्यांत मी चौथीच्या वर्गाला पावसाचा धडा शिकवीत होतों. पाण्याची वाफ होते, ती डोळ्यांना दिसत नाहीं, पण ती असते, असें मीं सांगितलें. तेवढ्यांत ही मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, वाफ दिसत न्हाई, पर तिचा पाऊस पडतो. देव बी दिसत न्हाई. मग त्याचं काय पडतं?"

मी उत्तर जुळवीत होतों तोंच मागच्या ओळींतून एक मुलगा ओरडला, "पापी माणसाला देव दिसत नसतो!" वर्ग हंसला. मुलगी खालीं बसली ती दिवसभर वर पाहीना. मंडळी, त्या मुलीचा बाप यंदाच्या उन्हाळ्यांत वारला. तो बरा व्हावा म्हणून त्या एवढ्याशा जिवानें किती उपास केले हें साऱ्या आळीला ठाऊक आहे.

त्या मुलाला मीं शिक्षा केली नाहीं. तें वाक्य त्याचें नव्हतेंच. तें तुमच्या-माझ्या घरांतलें वाक्य आहे. चुलीपाशीं, ओट्यावर, मयताच्या घरीं आपण तें बोलतों. पोरें कानानें टिपतात. आणि तें वाक्य किती खोल रुततें हें मी स्वतः जाणतों, म्हणून आधीं माझ्या घरची गोष्ट सांगतों.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस तुमच्यांतील वडील माणसांना आठवत असेल. गणपति दूध पितो, अशी बातमी त्या दिवशीं देशभर पसरली. शहरांत, खेड्यांत, परदेशांतल्या देवळांतसुद्धां रांगा लागल्या. आमच्याही गांवांत लागली. मी तेव्हां चौदा-पंधरा वर्षांचा होतों. माझा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला होता. लहानपणीं सांधे धरून ताप आला होता. त्या तापानें हृदयाची झडप निकामी झाली होती. आमची शेळी आटलेली. म्हणून आईनें शेजारच्या घरून वाटीभर दूध उसनें आणलें आणि दोन तास उन्हांत उभी राहिली. तिची पाळी आली. तिनें चमचा सोंडेला लावला आणि चमच्यांतलें दूध कमी होऊं लागलें. त्या वेळीं तिच्या तोंडावर जो आनंद मीं पाहिला, तो त्याआधीं पाहिला नव्हता आणि नंतरही कधीं पाहिला नाहीं.

मी खालीं, मूर्तीच्या पायाशीं दबून उभा होतों. दूध सोंडेवरून पातळ ओघळानें पोटावर, पोटावरून पाटावर आणि पाटावरून मोरींत चाललें होतें. मीं बोट लावून पाहिलें आणि पोरबुद्धीनें बोलून गेलों, "आये, दूध खाली चाललंय." पाठीमागून कोणी तरी माझ्या थोबाडींत दिली.

यांत काय होतें हें शास्त्रज्ञांनीं लगेच उघड करून दाखविलें. दुधांत रंग घालून त्यांनीं तें कोठें जातें हें लोकांना दाखविलें. चमचा दगडाला टेकला कीं दूध दगडाला धरून ओढलें जातें आणि पातळ थरानें खालीं उतरतें. पांढऱ्या दुधाचा तो थर सहज नजरेस येत नाहीं, एवढेंच. पण आमच्या घरीं कोण शास्त्रज्ञ येणार? भाऊ त्या माघांत गेला. दहाव्याला जमलेल्या मंडळींत अंगांत येणारा एक गृहस्थ होता. तो सर्वांदेखत बोलला, "देव दारी आला होता. पोराच्या शंकेनं माघारी गेला. आईचा भाव पुरा असता तर थांबला असता."

आईनें मला कधीं बोल लावला नाहीं. तिनें तो स्वतःला लावला. पुढें चोवीस वर्षें ती जगली. वाऱ्या केल्या, उपास केले, अनवाणी चालली. शेवटच्या आजारांत एका रात्रीं मला जवळ बोलावून तिनें विचारलें, "लेकरा, मी कुठं कमी पडले रं?"

मी मास्तर. शेंकडों मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलेलीं. पण तिच्या उशाशीं माझ्या तोंडून शब्द फुटला नाहीं. त्या मुलीची मान खालीं गेली तेव्हां मला माझी आई आठवली. म्हणून आज उभा आहें.

पहिली गोष्ट ही कीं, देव असेल तर दिसत कां नाहीं, असें विचारणें हें पाप नव्हे. हा प्रश्न आजकालच्या शिकलेल्या पोरांचा आहे, असें कित्येकांना वाटतें. तसें नाहीं. जो ऋग्वेद आपल्या वाडवडिलांच्या कानांवरही पडूं दिला नाहीं, त्यांतच हा प्रश्न आहे. आठव्या मंडलाच्या शंभराव्या सूक्तांत नेम नांवाचा एक जण इंद्र आहे हेंच नाकबूल करतो आणि त्याला पाहणारा कोण भेटला आहे, अशी शंका काढतो. तेव्हां ज्यांच्या ग्रंथांत ही शंका हजारों वर्षांपासून लिहून ठेवलेली आहे, त्यांनीं ती एका शेतकऱ्याच्या लेकीनें काढली म्हणून डोळे वटारण्याचें कारण नाहीं. मात्र एक फरक ध्यानांत घ्या. त्या सूक्तांत पुढच्याच ऋचेंत इंद्र समोर येतो आणि मी हा येथें आहें, असें सांगतो. नेमाला साद मिळाली. माझ्या आईला मिळाली नाहीं. आपला प्रश्न नेमाच्या प्रश्नाहून कठीण आहे तो याच ठिकाणीं.

आतां या प्रश्नावर जीं उत्तरें नेहमीं दिलीं जातात, तीं सुतार लाकूड पारखतो तशीं एकेक ठोकून पाहूं.

पहिलें उत्तर तुम्हांला सांगितलेंच: भाव कमी पडला. याची पारख फार सोपी आहे. ज्यांच्या भावाबद्दल कोणी शंका घेणार नाहीं, अशा माणसांकडे पाहा. तुकोबांची गाथा उघडा. भेट होत नाहीं म्हणून केलेली तळमळ, रुसवा, देवाला दिलेले बोल यांचे अभंग तिच्यांत ढिगानें आहेत. पुढें भेट झाली असेंही तेच सांगतात. पण मधल्या कोरड्या काळाचे साक्षीदारही तेच आहेत. त्या कोरड्या काळांत तुकोबांचा भाव उणा होता, असें म्हणायला कोणाची जीभ रेटेल?

दुसरें उदाहरण अगदीं अलीकडचें. कलकत्त्याच्या मदर तेरेसा यांचें नांव तुम्हीं ऐकलें आहे. १९४६ सालीं दार्जिलिंगला जातांना आगगाडींत आपल्याला देवाची हाक आली, असें त्या मानीत. त्या हाकेवर त्यांनीं मठाची शाळा सोडली आणि रस्त्यावर मरणाऱ्या माणसांत जाऊन राहिल्या. १९९७ सालीं त्या वारल्या. आपलीं खाजगी पत्रें नाहींशीं करावीं अशी त्यांची इच्छा होती. पण तीं राहिलीं आणि २००७ सालीं पुस्तकरूपानें छापलीं गेलीं. तेव्हां जगाला कळलें कीं, काम सुरू केल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षें या बाईंना आंतून सारा अंधार होता. प्रार्थना करीत, पण पलीकडे कोणी आहे असें त्यांना जाणवत नसे. मध्यें थोडे दिवस उजेड झाला, पुन्हां अंधार. त्यांच्या धर्माशीं किंवा मतांशीं आपलें पटो वा न पटो, हाक मारण्यांत ही बाई कसूर करीत होती असें कोणाला म्हणतां येणार नाहीं. म्हणजे हाक मारणारा खरा, हाक खरी, आणि तरी साद नाहीं, असें घडतें. भाव कमी पडला हें उत्तर लाकूड नव्हे, भुसा आहे. तें फेकून द्या.

दुसरें उत्तर: वारा तरी कोठें दिसतो? वीज तारेंतून जाते ती तरी कोठें दिसते? म्हणून देवही न दिसतां आहे. यांत निम्मी गोष्ट खरी आहे. डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून एखादी वस्तु नाहींच, असें होत नाहीं. पण गवंडी दादांना विचारा. पृथ्वीची ओढ कोणीं डोळ्यांनीं पाहिली? तरी ओळंबा सोडला कीं दोरी सरळ खालीं येते. पाटलाच्या वाड्याला ती तशीच येते, वाड्याबाहेरच्या झोपडीला तशीच येते. पंढरपुरांत आणि मक्केंत तिचा कायदा एकच. देवाच्या बाबतींत असा ओळंबा कोणाच्या हातांत आहे? जो ज्या देशांत, ज्या घरांत जन्मला, त्याला बहुधा त्याच घरच्या देवाची खूण पटते. थायलंडांतल्या शेतकऱ्याला बुद्धाची, अरबस्तानांतल्याला अल्लाची, आपल्याला विठोबाची. न दिसणें ही अडचण नव्हे. सर्वांना सारखी खूण न मिळणें ही अडचण आहे. माझ्या विद्यार्थिनीला हेंच म्हणावयाचें होतें. वाफेचा पाऊस सर्वांच्या शेतांत पडतो.

तिसरें उत्तर मोठमोठ्या विद्वानांनीं दिलेलें आहे: देव उघड उभा राहिला तर माणूस भीतीनेंच चांगला वागेल, आपखुषीनें चांगलें वागण्याची संधि मिळावी म्हणून तो आड राहतो. मास्तर म्हणून मला हें पटण्यासारखें आहे. मी वर्गांत उभा असलों तर सगळीं मुलें गुणी. खरा गुणी कोण हें मी बाहेर गेल्यावर कळतें. पण मंडळी, मी बाहेर जातों तेव्हां गुरुजी म्हणून कोणी आहे हें मुलांना ठाऊक असतें. मी दहा वर्षें वर्गांत फिरकलों नाहीं, माझा आवाज नाहीं, हस्ताक्षर नाहीं, आणि वर माझ्या नांवानें दहा जण दहा तऱ्हेचा अभ्यास देऊं लागले, तर ती मुलांची परीक्षा होईल, कीं शाळेचा बोजवारा होईल? शिवाय एखादें मूल पडून त्याचें डोकें फुटलें आणि तें गुरुजी, गुरुजी म्हणून ओरडूं लागलें, तर परीक्षा चालू आहे म्हणून मी दाराआड उभा राहीन काय?

चौथें उत्तर: आपली बुद्धि तोकडी, देवाचें कारण आपल्याला कसें कळणार? हें मात्र मी सहज टाकून देणार नाहीं. लेकराला सरकारी दवाखान्यांत सुई टोचतात. आईच त्याला धरून ठेवते. आई असून ही मला कां दुखवूं देते, हें त्याला कळत नाहीं. कारण आहे, तें चांगलें आहे, पण लेकराच्या समजुतीबाहेरचें आहे. देवाचेंही तसें असेल. असूं शकेल. पण सुई टोचतांना आई काय करते हेंही पाहा. ती लपून बसत नाहीं. कारण सांगतां येत नाहीं म्हणून ती लेकराला छातीशीं अधिकच घट्ट धरते. कारण कळलें नाहीं तर लेकरूं सोशील. आई कोठें आहे हेंच कळलें नाहीं, तर त्यानें काय करावें?

कॅनडा देशांतील जे. एल. शेलेनबर्ग नांवाच्या तत्त्वज्ञानें १९९३ सालीं या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला, आणि तेव्हांपासून जगभरच्या विद्यापीठांत यावर खडाजंगी चालू आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: देव पूर्ण प्रेमळ असेल, तर जो माणूस त्याला भेटावयास मनापासून तयार आहे, ज्यानें आपल्या बाजूचें दार लावून घेतलेलें नाहीं, त्याला देव निदान आपण आहों एवढें तरी कळूं देईल. पण अशीं दार उघडें ठेवून बसलेलीं माणसें जगांत आहेत आणि त्यांना कांहींच कळत नाहीं. तेव्हां असा प्रेमळ देव नाहीं, असें तो म्हणतो. याला उत्तरें देणारे आस्तिक विद्वानही पुष्कळ आहेत आणि वाद मिटलेला नाहीं. मी तो येथें मिटवणार नाहीं. पण या वादांतून आपल्या कामाची एक गोष्ट हातीं लागते. न मानणारा प्रत्येक जण गर्विष्ठ, पापी किंवा हट्टी नसतो. कित्येक जण दार उघडें ठेवून, दिवा लावून वाट पाहात बसलेले असतात. माझी आई तशी बसली होती.

इतका वेळ देव आपण होऊन लपला आहे असें धरून मी बोललों. पण जो लपविलेला आहे, त्याचीही गोष्ट निघाली पाहिजे, कारण ती आपल्याच घरची आहे.

चोखोबांना विठोबा कां दिसत नव्हता? त्यांचा भाव कमी होता म्हणून? देवाला त्यांची परीक्षा घ्यावयाची होती म्हणून? नाहीं. मध्यें भिंत होती आणि भिंतीला माणसांचे पहारे होते म्हणून. मंगळवेढ्याला कुसवाचें काम करतांना कुसूं कोसळून ते वारले, असें परंपरा सांगते. पंढरपुरांत त्यांची समाधि आहे ती महाद्वाराबाहेर, पायरीपाशीं. जिवंतपणीं दाराबाहेर, मेल्यावरही दाराबाहेर. पुढें सहाशें वर्षें ती भिंत तशीच राहिली. नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशीं २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह सुरू झाला. तें दार तेव्हां उघडलें नाहीं. पंढरपूरचें दार १९४७ सालीं साने गुरुजींनीं प्राण पणाला लावून उपोषण केलें तेव्हां उघडलें. बडवे-उत्पात मंडळींचे पिढीजाद हक्क १९७३ च्या कायद्यानें काढून घेण्याचें ठरलें, पण कोर्टकचेऱ्या चालूच राहिल्या, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत त्यावर अखेरचा पडदा पडला. पाहा, ज्या न दिसण्याला शेंकडों वर्षें पूर्वजन्मींचें पाप म्हणत होते, तें एका कायद्यानें आणि एका निकालानें दूर झालें. पाप असतें तर कायद्यानें गेलें असतें काय?

म्हणून मी म्हणतों, देव दिसत नाहीं अशी तक्रार आली कीं आधीं एवढें विचारा: मध्यें कोणी माणूस उभा आहे काय? उभा असेल तर त्याला बाजूला करा. मग जो अंधार उरेल तो खरा अंधार. त्याचा विचार निराळा.

या खऱ्या अंधारांत कसें वागावें, यावर दोन थोरांचें सांगणें मला फार उपयोगी पडलें.

एक बुद्ध भगवानांचें. दीघनिकायांत तेविज्ज सुत्त म्हणून एक प्रकरण आहे. अचिरवती नदीच्या कांठीं मनसाकट गांवच्या आमराईंत दोन तरुण ब्राह्मण वाद घालीत बुद्धाकडे आले. ब्रह्मदेवाला पोंचण्याची वाट माझ्या गुरूची खरी कीं तुझ्या गुरूची, असा वाद होता. बुद्धानें विचारलें, तुमच्या गुरूंपैकीं कोणीं ब्रह्मदेवाला पाहिलें आहे काय? नाहीं. त्यांच्या गुरूंनीं? नाहीं. सात पिढ्या मागें जाऊन कोणीं? नाहीं. तेव्हां बुद्धानें दाखविलें कीं, हें चार रस्त्यांच्या चौकांत जिना बांधण्यासारखें आहे: वाडा कोणत्या दिशेला, उंच कीं ठेंगणा, कांहीं ठाऊक नाहीं, पण जिना बांधणें चालूच. आणि शेवटीं त्यांना काय सांगितलें? चारी दिशांना सर्व प्राण्यांविषयीं मैत्री आणि करुणा भरून ठेवा. वाट असली तर तीच. म्हणजे जें दिसत नाहीं त्याच्यावरून भांडूं नका, जें दिसतें त्याच्याशीं नीट वागा.

दुसरें सांगणें जोतीराव फुल्यांचें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास त्यांनीं सत्यशोधक समाज काढला. त्यांचें सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं छापून निघालें. जोतीराव नास्तिक नव्हते. सर्व विश्वाचा कोणी निर्माणकर्ता आहे असें ते मानीत, आणि त्याला निर्मिक म्हणत. पण त्या निर्मिकाची आणि माणसाची गांठ घालून देणारा दलाल नको, हा त्यांचा हट्ट. मला वाटतें यांत मोठें शहाणपण आहे. जो धनी समोर नाहीं, त्याच्या नांवानें वसुली करणें सर्वांत सोपें असतें. धनी कधीं येऊन हिशोब मागत नाहीं. हा धंदा आतां एका जातीचा राहिलेला नाहीं, हेंही लाज न धरतां कबूल केलें पाहिजे. आपल्यांतलेही बुवा, महाराज आणि अंगांत आणणारे त्यांत उतरले आहेत. माझ्या आईला चोवीस वर्षें जाळणारा गृहस्थ आमच्याच भावकींतला होता.

आतां तुम्ही म्हणाल, मास्तर, दुसऱ्यांचें झालें. तुमचें स्वतःचें काय? विचारणें रास्त आहे, आणि मी लपवाछपवी करणार नाहीं. मी निर्मिक मानतों. सिद्ध करतां येतो म्हणून नव्हे. तसा करून दाखवितां येत नाहीं, हें मीं आत्तांच तुमच्यापुढें मांडलें. मृगांत आपण बीं पेरतों तेव्हां पाऊस लागेलच अशी खात्री कोणाजवळ असते? तरी पेरतों. माझी श्रद्धा तेवढीच आहे. पण शेतकऱ्याच्या पेरणींत आणि आंधळेपणांत फरक आहे. शेतकरी बीं स्वतःच्या रानांत टाकतो, शेजाऱ्याचें पोतें जबरीनें ओतून घेत नाहीं. उगवलें नाहीं तर जमीन उकरून पाहतो, बीं पोकळ होतें काय तें तपासतो. आणि शेजाऱ्याचें रान कोरडें राहिलें तर तूं पापी आहेस असें बांधावर उभा राहून ओरडत नाहीं. कारण पुढच्या सालीं आपलेंही रान कोरडें राहूं शकतें, हें तो जाणतो. ज्याला खात्री नाहीं त्याला अरेरावी शोभत नाहीं. आणि खात्री तर आपल्यापैकीं कोणालाच नाहीं.

आणि जो म्हणतो, मला कांहीं दिसत नाहीं म्हणून मी मानीत नाहीं, त्याच्याशीं माझें भांडण नाहीं. तो खोटें बोलत नाहीं. न दिसलेलें दिसलें म्हणणाऱ्यापेक्षां तो सत्याच्या जवळ आहे. खरोखर देव असेल, तर चमचा हातांत धरून दूध पितो म्हणणाऱ्या हजारांपेक्षां, दूध खालीं चाललें आहे म्हणणारें एक पोर त्याला कमी आवडेल, असें मला वाटत नाहीं.

तेव्हां माझें तुमच्याजवळ मागणें तीन गोष्टींचें आहे.

एक. ज्या घरांत माणूस गेलें आहे, पीक गेलें आहे, लेकरूं दगावलें आहे, त्या घरीं जाऊन भाव कमी पडला, नवस चुकला, सोंवळें मोडलें, हीं वाक्यें बोलूं नका. बोलायला कांहीं सुचत नसेल तर भाकर घेऊन जा, गुरांना वैरण टाका, गप्प बसा. पण त्या घराच्या दुःखावर गुन्ह्याचा शिक्का मारूं नका.

दोन. मी देव दाखवितों, देवाचा निरोप आणतों, असें म्हणून जो पैसा, कोंबडें किंवा मान मागेल त्याला दारांत उभा करूं नका. आजाऱ्याला आधीं दवाखान्यांत न्या. प्रार्थना काय, ती वाटेंत गाडींतही करतां येते. २०१३ सालीं आपल्या महाराष्ट्रांत जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच सालीं २० ऑगस्टला पुण्यांत खून झाला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसविणें, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधापासून अडविणें, हे त्या कायद्यानें गुन्हे आहेत. कायदा कागदावर आहे. तो गांवांत आणणें तुमच्या हातीं आहे.

तीन. मानणारा आणि न मानणारा यांना एका पंगतीला बसूं द्या. घरांत सासू माळकरी असेल आणि सून शंका काढणारी असेल, तर दोघींचीही चूल एकच राहूं द्या. जो प्रश्न इतक्या शतकांत सुटला नाहीं, तो आपण सणावारीं ताटें आपटून सोडविणार आहों काय?

शेवटीं त्या मुलीचें सांगावयाचें राहिलें. दुसऱ्या दिवशीं मीं सर्व वर्गादेखत तिला उभें केलें आणि म्हणालों, "बाळ, तुझ्या प्रश्नाचं पुरं उत्तर मला येत नाही. मोठ्या मोठ्या माणसांनाही आलेलं नाही. पण एक उत्तर मला पक्कं येतं. तुझा बाप गेला तो आजारानं गेला. तुझ्या उपासांत काही खोट नव्हती." ती कांहीं बोलली नाहीं. पाटी पुढें ओढून गणित करूं लागली. मला तेवढें पुरे झालें.

हेंच उत्तर मला आणखी एका माणसाला द्यावयाचें होतें. तें द्यायला मला उशीर झाला. ती ऐकत असेल कीं नसेल, हें मला सांगतां येत नाहीं. तरी तुम्हां सर्वांसमक्ष बोलतों. आये, तू कुठंच कमी पडली नाहीस.